शेवटच्या टेम्पोचा नंबर

माझा मोबाइल नंबर कित्येक वर्षं जगातल्या कुठल्याही माणसाला सहज मिळत होता, आणि ज्यांना मिळाला त्यांतल्या बहुतेकांनी तो मला शिव्या घालण्यासाठीच लावला. कुणी ब्राझीलमधून लावला, कुणी बिहारमधून. वाकडच्या एका गृहस्थांनी तर घरच्या सत्यनारायणातून उठून लावला. मागे आरती चाललेली ऐकू येत होती आणि हे मला चोरांची मावशी म्हणत होते. मी आरती संपेपर्यंत थांबले आणि मग त्यांची तक्रार लिहून घेतली.

मी चिंचवडच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत 'अब्यूज डेस्क' सांभाळत होते. अब्यूज म्हणजे इथे गैरवापर. लोक आपले सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारे संगणक, आमच्या जागेत भाड्यानं ठेवायचे. इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला एक नंबर असतो, गाडीला असतो तसा. त्या नंबरावरून कुणी कुणाला त्रास दिला, की त्रास झालेला माणूस तो नंबर कुणाच्या नावावर आहे ते शोधतो. ती माहिती सगळ्या जगाला खुली असते. तिथं आमच्या कंपनीचं नाव निघायचं आणि तक्रारीसाठी खाली माझं. मग मी नंबरावरून गिऱ्हाईक शोधायचं, त्याला फोन करायचा, झालेलं निस्तरायचं आणि तक्रारदाराला उत्तर द्यायचं. शाळेच्या वेबसाइटचा पासवर्ड शाळेच्याच नावाचा असायचा, कुणीतरी आत शिरून तिथून जगभर औषधांच्या जाहिराती पाठवायचा, आणि हेडमास्तर मला शपथेवर सांगायचे की आमच्याकडे कुणी औषधं विकत नाही. अशा तक्रारी दिवसाभरात मिटायच्या. माझ्या सासूबाई जुन्या गावठाणातल्या, त्यांना हे काम कधी पटलं नाही. "दुसऱ्याच्या पोरांनी खोड्या करायच्या आन्‌ बोलनी तू खायाची, ह्याचा पगार देत्यात व्हय?" असं त्या विचारायच्या. माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या आमच्या मालकांनाही कधी जमली नाही.

पुढची हकीगत मी आजवर कुठं लिहिली नव्हती. आता लिहिते आहे, कारण तिच्यातला कारखाना चाकणहून हलला आहे, तिथले कामगार चहूकडे पांगले आहेत, आणि माझं डोकं मात्र अजून शांत झालेलं नाही. माणसांची नावं बदलली आहेत. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर या अंकाच्या संपादकांना नोटीस येईल आणि तिचं उत्तर ते माझ्याकडूनच लिहून घेतील.

शकील मुलाणी हा आमचं गिऱ्हाईक. कासारवाडीचा, शिकलेला इंजिनिअर, भोसरीत मशीनची कंट्रोल पॅनेल बनवण्याचा स्वतःचा धंदा. त्यानं एक सर्व्हर आमच्याकडे ठेवला आणि पहिल्याच दिवशी समोर येऊन बसला. म्हणाला, "ताई, यावर तक्रारी येणार. आधीच सांगून ठेवतो. हा निनावी जाळ्याचा शेवटचा थांबा आहे."

निनावी जाळं म्हणजे काय, ते मी पुढं शेकडो लोकांना टेम्पोच्या उदाहरणानं समजावलं, तसंच इथंही सांगते. समजा, तळेगावच्या एका माणसाला चाकणच्या कारखान्यात एक खोकं पोचवायचं आहे, पण आपण कोण ते कळू द्यायचं नाही. तो ते एका टेम्पोत टाकतो. पहिला टेम्पोवाला ते देहू फाट्यावर दुसऱ्याला देतो, दुसरा मोशीत तिसऱ्याला. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, पण खोकं शेवटी कुठं जाणार ते ठाऊक नाही. मधल्याला दोन्ही टोकं ठाऊक नाहीत. तिसऱ्याला कुठं द्यायचं ते कळतं, पण मुळात कुणी पाठवलं ते कळत नाही. असे टेम्पो जगभर आहेत आणि बरेचसे हौशी लोक पदरमोड करून चालवतात. चाकणच्या गेटवर वॉचमन नंबर टिपून घेतो तो तिसऱ्या टेम्पोचा. शकीलचा सर्व्हर म्हणजे हा तिसरा टेम्पो, आणि त्याच्या पाठीवर रंगवलेला मोबाइल नंबर माझा.

ही कसली हौस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, की त्याच्या वडिलांनी दुकानापुढं पाणपोई ठेवली होती आणि पाणी पिऊन तू पुढं कुठं जाणार असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. नवऱ्याच्या धाकातली बाई मदत शोधते, कुणी आपल्या आजाराबद्दल लाजत वाचतो, कुणाला वरच्या साहेबाविरुद्ध लिहायचं असतं. त्यांना नाव न सांगता जाता यावं, एवढंच. मला सगळं पटलं असं नाही. पण गिऱ्हाईक आधी येऊन 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास होईल' असं सांगतं, हे माझ्या टेबलावर पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून मी मालकांपुढं त्याची बाजू घेतली.

तक्रारी आल्या, आणि धो धो आल्या. सिनेमा चोरून उतरवल्याच्या तक्रारी पाठवणारा तर माणूसही नव्हता, एक मशीनच होतं. मी सविस्तर उत्तर लिहिलं, की मशीन माझे आभार मानायचं आणि सकाळी पुन्हा तीच तक्रार पाठवायचं. पोलिसांसाठी मी मराठीत एक पत्र तयार केलं. पूर्वी फौजदारी संहितेच्या एक्क्याण्णव कलमाची नोटीस यायची, आता नव्या कायद्याच्या चौऱ्याण्णवची येते, मजकूर तोच असतो: अमुक नंबर अमुक वेळी कोण वापरत होता, कळवावे. मी कळवायची, की नंबर शकील मुलाणी यांच्या सर्व्हरचा आहे, त्यांची ओळखपत्रं सोबत आहेत, पण त्यातून जाणारा माणूस कोण हे त्यांना कळत नाही, आम्हाला कळत नाही आणि कळण्याची सोयच नाही.

मावळातले एक हवालदार हे पत्र हातात घेऊन स्वतः आले. टेम्पोचं उदाहरण त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पर बाई, टेम्पोवाल्याकडं बिल्टी असती की. माल कुनाचा, कुठं चाललाय, समदं तिच्यात असतं."

"याच्याकडं बिल्टी नसते."

"मग त्यो टेम्पो दोन नंबरचा."

मी त्यांना विचारलं, की सिटी बसचा कंडक्टर तिकीट देताना नाव विचारतो का? बसमधून उतरून कुणी पाकीट मारलं तर कंडक्टरला आत टाकता का? ते हसले, चहा घेतला आणि सर्व्हर जप्त न करता गेले. सगळेच असे नव्हते. एक साहेब ऐकून घ्यायलाच तयार नव्हते. त्यांनी रागानं स्वतःच वायर ओढली, ती शेजारच्या गिऱ्हाइकाची निघाली आणि एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट दुपारभर बंद पडले. त्या लॅबच्या शिव्याही मीच खाल्ल्या.

कायदा तसा या बाबतीत शहाणा आहे. मजकूर ज्यानं सुरू केला नाही, कुणाला पाठवायचा ते ठरवलं नाही आणि त्यात बदल केला नाही, अशा निव्वळ वाहून नेणाऱ्याला तो जबाबदार धरत नाही. फक्त कायदेशीर विचारणा झाली की त्यानं सहकार्य करायचं. नोंदी किती आणि कुठल्या ठेवायच्या याचे नियम नंतर आले, त्यावर आमच्या दोन वकिलांची दोन मतं होती आणि मालकांचं तिसरं. पण मला कायद्याचा राग कधी आला नाही. राग आला तो माणसांचा. ज्यानं आपलं नाव, पत्ता, फोन सगळं उघड लावून ठेवलंय त्यालाच धरायचं, कारण तो सापडतो, ही आपल्याकडची तपासाची पद्धत आहे. एका वकिलांनी शकीलचं नाव वाचून "हा मूळचा कुठला?" असं मला विचारलं होतं. मी म्हटलं, कासारवाडीचा, तुम्ही मूळचे कुठले? ते सोलापूरहून आले होते.

एक प्रसंग मात्र मी टाळू शकत नाही, नाहीतर हे लिखाण खोटं होईल. एक आई आली होती. तिच्या कॉलेजातल्या मुलीला कुणीतरी घाणेरडे निरोप पाठवत होतं आणि माग शकीलच्या सर्व्हरपाशी येऊन संपत होता. त्या बाईला टेम्पोचं उदाहरण सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी फक्त म्हटलं, आम्हाला नाही कळणार. ती पर्स उचलून निघून गेली. शकीलनं त्या वेबसाइटकडे जाणारी आपल्या सर्व्हरची वाट बंद केली. पण निरोप पाठवणारा दुसऱ्या टेम्पोनं जाऊ शकत होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी त्याला एका महिला फौजदारानं पकडलं. तिनं निरोप पुन्हा पुन्हा वाचले, त्यातली एक गोष्ट फक्त वर्गातल्याच कुणाला ठाऊक असेल हे ओळखलं आणि पोरांना एकेक करून बोलतं केलं. नंबर तिनं बाजूलाच ठेवला होता. तेव्हापासून 'नंबराशिवाय तपास कसा करायचा' असं मला कुणी विचारलं, की मी त्या फौजदारबाईंचं नाव सांगायची.

आता चाकणची गोष्ट.

गाडी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या वेबसाइटवर तक्रारपेटी ठेवली होती. आमच्या पुरवठादारांकडे काही गैर दिसलं तर लिहा, नाव विचारणार नाही, असं वर ठळक अक्षरांत. चाकणच्या एका प्रेसशॉपबद्दल तिथं कुणीतरी लिहिलं. प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात. प्रेसखाली हात गेला तर मशीन आपोआप थांबावं म्हणून समोर सेन्सर बसवलेला असतो. तो चालू असला की काम जरा मंदावतं, म्हणून सुपरवायझरनं एक तार जोडून तो नावापुरताच ठेवला होता. दोघांची बोटं गेली होती. दोघांनाही खाजगी दवाखान्यात नेऊन 'मोटरसायकलवरून पडलो' असं लिहवून घेतलं होतं. कुठली प्रेस, कुठली तार, सगळं त्या तक्रारीत होतं. लिहिणारा आतलाच होता आणि जीव तोडून लिहीत होता, हे कुणालाही कळावं.

गाडी कंपनीनं काय करावं? ती तक्रार, ज्या नंबरावरून आली त्या नंबरासकट, पुरवठादाराकडेच पाठवून दिली. नाव विचारणार नाही म्हणाले होते, ते नाहीच विचारलं; नंबर तेवढा देऊन टाकला. हे मला कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि आज लिहितानाही जाते.

नंबर अर्थात शकीलच्या सर्व्हरचा होता. पुरवठादाराच्या वकिलाची नोटीस मला आली: आमच्या अशिलाची बदनामी झाली आहे, लिहिणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर पोलिसांत जाऊ आणि तुम्हालाही आरोपी करू. पुरावा म्हणून मूळ तक्रारीची प्रत जोडली होती, त्यामुळे मी ती वाचू शकले. नोटीस मी उलटसुलट वाचली. तिच्यात बदनामी होती, नुकसान होतं, प्रतिष्ठा होती. सेन्सरबद्दल एक अक्षर नव्हतं.

माझं उत्तर गेल्यावर त्या कारखान्याचे एचआरचे साहेब स्वतः आमच्या ऑफिसात आले. चाळिशीचे, बोलायला गोड, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी त्यांना सर्व्हर दाखवला, त्यातून जगभरचे लोक जातात ते दाखवलं, टेम्पो सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "ते ठीक आहे मॅडम, पण तो माणूस कुणाचा?"

मी म्हटलं, कुणाचाच नाही, तोच तर मुद्दा आहे.

"मॅडम, कुणाचाच नसलेला माणूस चाकणमध्ये गेटच्या आत येत नाही."

हे मात्र खरं होतं, आणि बाहेरच्यांना म्हणून सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात कारखान्यात चिकटायचं तर ओळख लागते. गाववाला, साडू, मेव्हणा, कुणीतरी ठेकेदाराच्या कानावर नाव घालतं, मग पोरगं लागतं. पुढं तो चांगला निघाला तर ओळख देणाऱ्याची मान ताठ होते, वाईट निघाला तर त्यालाच बोल लागतो. त्यामुळे इथं कुणीही भेटलं की पहिलं विचारतात ते नाव नव्हे; तू कुणाचा, हे विचारतात. इंटरनेटवरच्या नंबरालाही एचआर साहेबांनी तोच प्रश्न लावला.

ते निघाले तेव्हा आमचा दत्ता केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन समोरून आला. दत्ता आमचा तंत्रज्ञ, मूळचा उदगीरकडचा, सालस. त्यानं साहेबांना ओळखलं, कारण मेव्हण्याला कामाला लावताना तो ठेकेदाराबरोबर त्यांना भेटला होता. त्यानं भेंडोळं खाली ठेवलं, हात जोडले आणि अभिमानानं सांगितलं, "साहेब, आमचा बालाजी तुमच्याकडंच प्रेसवर आहे बघा." यात वावगं काही नव्हतं. आपला माणूस तुमच्याकडे आहे हे मोठ्या साहेबाला आठवण करून द्यावं, म्हणजे त्या पोराकडे जरा लक्ष राहतं, ही इथली रीतच आहे. साहेब थांबले. त्यांनी दत्ताच्या शर्टावरचं आमच्या कंपनीचं नाव वाचलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे वा, तू इथं असतोस होय?" मी शेजारी उभी होते आणि मला काहीही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालाजीला गेटवरच थांबवलं. तुझं काम संपलं, ठेकेदाराला भेट, एवढंच सांगितलं.

एचआर साहेबांचा हिशोब अगदी सरळ होता. तक्रार या इंटरनेट कंपनीच्या नंबरावरून आली. या इंटरनेट कंपनीत दत्ता आहे. दत्ताचा मेव्हणा आमच्या प्रेसवर आहे. सापडला. सगळ्या जगातून कुणीही येऊ शकेल अशा वाटेच्या तोंडाशी उभं राहून या माणसानं एक नातं शोधून काढलं आणि तपास पुरा केला.

बालाजीला काढल्याचं दत्तानं माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं. बायकोच्या एकुलत्या एक भावाला त्यानंच गावाकडून आणलं होतं. म्हातारे आईवडील त्या पोराच्या पगाराकडं डोळे लावून होते. मी खुर्चीवरून उठले, मालकांना न विचारता रिक्षा केली आणि दत्ताला घेऊन चाकण गाठलं. एवढी चिडून मी उभ्या नोकरीत कधी कुठं गेले नव्हते.

एचआर साहेबांपुढं मी त्यांचीच नोटीस ठेवली. तक्रार भरल्याची वेळ तिच्यात छापलेली होती, आणि त्या वेळी बालाजी त्यांच्याच प्रेसवर शिफ्टला होता. कामगारांचे मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवर कपाटात ठेवून घेतात, म्हणजे त्याचा फोनही त्यांच्याच कुलपात होता. मग त्यानं लिहिलं कशावर, पत्र्यावर? साहेबांनी नोटीस पाहिली, घड्याळ पाहिलं आणि खांदे उडवले. म्हणाले, मग त्यानं बाहेरून करवून घेतलं असेल, त्याचा दाजीच इंटरनेटवाला आहे. मी सांगितलं, की आमच्या नंबराचा आमच्या नोकरांशी काडीचा संबंध नसतो, वाटेल तर तसं प्रमाणपत्र देते. ते म्हणाले द्या, मी दिलं, त्यांनी ते फाइलला लावलं.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, आमचं त्या पोराशी वैर नाही. त्यानं लिहिलं नसेल तर कुणी लिहिलं ते त्याला माहीत असणार. प्रेसवरची पोरं एका खोलीत राहतात. एक नाव सांगू दे, परवापासून कामावर घेतो. तोवर आम्ही एकेकाला बोलवून विचारणारच आहोत."

मी त्यांना विचारलं, की तो सेन्सर जोडला का? ते म्हणाले, तो प्रॉडक्शनचा विषय आहे.

दोन दिवसांनी बालाजी चिंचवडला आमच्या ऑफिसात आला. विशीतला, सडपातळ, कमी बोलणारा. शकीलही आला होता. आल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, की ताई, माझ्यामुळं या पोराच्या पोटावर पाय आला, मी सर्व्हर बंद करतो. साहेबांची अट मी बालाजीला जशीच्या तशी सांगितली. तुला कुणाचं नाव माहीत आहे का, असं विचारायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यानंच आधी मला विचारलं, "मॅडम, लिवणारा कोन हाय ते तुमाला खरंच कळत नाही?"

"खरंच नाही."

"मला बी नाही. आन्‌ मला कळून घ्यायचं बी नाही." मग शकीलकडं वळून तो म्हणाला, "तुमी ते बंद करू नका. आतल्याला दुसरं कोन हाय?"

त्याला अर्ज लिहायचा होता. सरकारी कारखाना निरीक्षकांच्या नावानं, स्वतःच्या नावानिशी. त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच: तार कुठं लावली होती, आणि बोटं गेलेल्या एकाला दवाखान्यात नेताना मोटरसायकलवर मागं धरून तोच बसला होता, त्याचा शर्ट रक्तानं भिजला होता. मी त्याला परोपरीनं समजावलं. तू लिहिलं नाहीस हे सिद्ध करायला माझ्याकडं कागद आहे, आपण लढू. नावानं अर्ज केलास तर ते म्हणतील बघा, हाच तो. चाकणमधला एकही ठेकेदार तुला उभं करणार नाही.

"मॅडम, ते आतल्या समद्यास्नी एकेक करून हुडकायलेत. माझा अर्ज गेला की हुडकायचं थांबतील." आणि पुढं म्हणाला, "नाव तर माझं गेलंच की. फुकट गेलंय. कामाला तरी येऊ द्या."

मी कीबोर्ड पुढं ओढला. जन्मभर लोकांना नाव न सांगता बोलता यावं म्हणून मी भांडले, त्यासाठी कलमं पाठ केली, टेम्पो हाकले, आणि त्या दिवशी त्याच टेबलावर बसून मी एका पोराचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका असं टाइप करत होते. तो सांगत होता, मी लिहीत होते. शकील खिडकीशी पाठमोरा उभा होता. बालाजीनं अर्ज दोनदा वाचून घेतला आणि खाली सावकाश सही केली.

निरीक्षक प्रेसशॉपमध्ये गेले. तार निघाली, सेन्सर चालू झाला, असं दत्ताच्या कानावर आलं. बोटं गेलेल्या दोघांना काय मिळालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बालाजीचं नाव ठेकेदारांच्या फोनमधून फिरलं आणि चाकणमध्ये त्याला खरोखरच कुणी उभं केलं नाही. त्याला रांजणगावला एका पॅकिंगच्या कामावर जावं लागलं, आधीपेक्षा कमी पगारावर. दत्ताची बायको माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कायद्यानं टेम्पोला वाचवलं, टेम्पोवाल्याला वाचवलं, तक्रारपेटी ठेवून नंबर देऊन टाकणाऱ्यांना तर कुणी हातही लावला नाही. ज्याचा कशाशीच संबंध नव्हता तो तेवढा भरडला गेला, आणि मी माझं प्रमाणपत्र घेऊन बघत राहिले.

अर्ज पोचल्यावर थोड्याच दिवसांत एचआर साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मॅडम, तुम्ही आम्हाला जगभरचे टेम्पो सांगत होतात. निघाला ना शेवटी आमचाच बालाजी? नावानिशी सही आहे त्याची. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. आता आतल्या कुणाला विचारायची गरज नाही, ते आम्ही थांबवलंय. तुमच्याबद्दलही आमची काही तक्रार नाही."

अशा फोनला द्यायचं उत्तर मला झोपेतही पाठ होतं. साहेब, यावरून तसा निष्कर्ष निघत नाही, तो अर्ज वेगळा, ही तक्रार वेगळी, आणि ती लिहिणारा कोण हे तुम्हाला अजूनही माहीत नाही. सगळं ओठावर आलं होतं. 

"बरं झालं कळवलंत," मी म्हणाले, आणि एका निरपराध माणसावर रोखलेलं चुकीचं बोट, माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा, तसंच रोखलेलं राहू दिलं.